आजोबांचा झेंडा आणि नातवाचं वचन

पत्र: मावशी, सप्रेम जय ख्रिस्त. आम्ही नाशिकरोडला राहतो. सासरे 79 वर्षांचे, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. सोसायटीत 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला झेंडा बांधायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याचकडे. मुलगा 19 वर्षांचा, चर्चच्या तरुण संघात जातो आणि फोनवर कुठकुठले प्रवचनकार ऐकत असतो. यंदा 26 जानेवारीला तो खाली आला, पण झेंडा वर जाताना पार्किंगमध्ये एका गाडीला टेकून उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, कापडाला सलाम करणं ही मूर्तिपूजा. सासरे त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाहीत. त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "यांचं शरीर इथे, मन रोमला." आम्ही तर प्रोटेस्टंट, रोमच्या पोपला न मानणारे! मुलगा म्हणतो बघ, काहीही करा, आपण यांना परकेच. आणि आता सासऱ्यांनी चर्चच्या कमिटीत मांडलंय की 15 ऑगस्टच्या आठवड्यातल्या रविवारी तिरंगा वेदीजवळ ठेवायचा आणि उपासना राष्ट्रगीतानेच सुरू करायची. मला दोघंही बरोबर वाटतात आणि दोघंही चुकलेले वाटतात. मी काय करू? — एक सून, नाशिकरोड

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रात मी एकाच जागी अडकले, "गाडीला टेकून उभा राहिला". त्याने सॅल्यूट केला नाही याचं मला काही वाटलं नाही, कारण नियमाने सॅल्यूट युनिफॉर्मवाल्यांनी करायचा असतो, आपण साध्या माणसांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, बास. पण टेकून उभं राहणं हे वेगळं बोलणं झालं. ते देवाशी इमान राखणं नाही, ते आजोबांना दुखावणं आहे, आणि त्याला स्वतःला ते कळलं नसेल तर कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

त्याला केरळच्या त्या तीन भावंडांची गोष्ट सांग. यहोवाचे साक्षीदार या कडक पंथाच्या घरातली ही मुलं, शाळेत राष्ट्रगीत म्हणायची नाहीत कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं, म्हणून 1985 साली त्यांना शाळेतून काढून टाकलं. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1986 मध्ये कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची ठरली, ती मुलं गात नव्हती पण राष्ट्रगीत चालू असताना रोज इतरांबरोबर आदराने उभी राहत होती. म्हणजे ज्यांची श्रद्धा तुझ्या मुलापेक्षा कितीतरी कडक, तीसुद्धा टेकली नाहीत. मला स्वतःला राष्ट्रगीत म्हणण्यात काडीची अडचण वाटत नाही, मी पूर्ण आवाजात म्हणते, पण ज्याला अडचण वाटते त्याने कसं उभं राहावं ते या मुलांकडून शिकावं.

आता त्याचं वचन. "आपले नागरिकत्व स्वर्गात आहे", फिलिप्पैकरांस पत्र, तिसरा अध्याय. वचन खरंच आहे, त्यातला एक शब्दही मी कमी करणार नाही. पण ते कुणाला लिहिलंय ते बघायला सांग. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, तिथल्या लोकांना आपण रोमी असल्याचा केवढा अभिमान, म्हणून हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने त्यांना नागरिकत्वाचाच शब्द वापरून सांगितलं की याच्याही वर एक आहे. आणि त्याच फिलिप्पैमध्ये आधी काय झालं होतं ते प्रेषितांची कृत्ये सोळाव्या अध्यायात आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारले, तुरुंगात टाकलं, सकाळी शिपाई येऊन म्हणाले जा आता गुपचूप. तेव्हा पौल काय म्हणाला? आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. स्वर्गाचं नागरिकत्व सांगणारा हाच माणूस, त्याच गावात, इथल्या नागरिकत्वाच्या हक्कासाठी पाय रोवून उभा राहिला. अर्धा पौल घ्यायचा आणि अर्धा सोडायचा असं नाही चालत.

मूर्तिपूजेचं म्हणशील तर दानिएलाच्या पुस्तकातले ते तिघं त्याला नक्की पाठ असतील, शद्रख, मेशख, अबेद्नगो, राजाच्या सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेले. पण ते तिघं तोपर्यंत करत काय होते? बाबेलच्या सरकारी नोकरीत होते! परक्या देशाचा कारभार चोख सांभाळत होते. वाकायला सांगितलं तिथे नाही म्हणाले, बाकी सगळीकडे मान खाली घालून काम. आणि यिर्मया संदेष्टा त्याच बाबेलात नेलेल्या लोकांना लिहितो की ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. परक्या, जिंकणाऱ्यांच्या नगरासाठी हे सांगितलंय बरं का. मग जिथे आपण जन्मलो, जिथलं पाणी प्यायलो, तिथल्यासाठी किती जास्त असायला पाहिजे.

हे मी सांगतेय ते वाद जिंकायला नाही. तुझा मुलगा देवाला पहिला ठेवू बघतोय, या वयात ही गोष्ट लहान नाही, ते त्याला पहिल्यांदा म्हण. मग पुढचं.

आता सासऱ्यांकडे येते, आणि इथे मला जास्त बोलायचंय. तू लिहिलंयस त्या क्रमाने बघ. 26 जानेवारीला नातू टेकून उभा राहिला, दुपारी ग्रुपवर ते रोमचं वाक्य आलं, आणि त्यानंतर सासऱ्यांनी कमिटीत वेदीजवळ झेंड्याचा विषय काढला. त्याआधी इतक्या वर्षांत कधी काढला होता का? मला नाही वाटत. त्या म्हाताऱ्या माणसाला ते वाक्य फार खोल लागलंय गं. उभं आयुष्य ज्या गावात काढलं, सरकारी प्रेसात गेटवर झडती देऊन रोज आत गेला आणि रोज हात मोकळे ठेवून बाहेर आला, त्याला कुणीतरी फोनवर बोट फिरवून सांगतं की तुझं मन दुसरीकडे आहे. तो आता दाखवून देऊ बघतोय. झेंडा खाली अंगणात होता तोवर ते प्रेम होतं, वेदीजवळ निघालाय तो मात्र दुखावलेपणातून निघालाय असं मला तुझ्या पत्रावरून दिसतं. माझं चुकत असेल तर सांग.

वेदीजवळ झेंडा नको, हे माझं स्पष्ट मत. चर्चच्या अंगणात उभारा, सगळ्या मंडळीने बाहेर यावं, राष्ट्रगीत व्हावं, मुलांना खाऊ द्यावा, मग आत जाऊन देशासाठी मनापासून प्रार्थना करावी, देशाच्या पुढाऱ्यांसाठी, सीमेवरच्या पोरांसाठी, पाऊस न पडलेल्या तालुक्यांसाठी. पण प्रभूच्या मेजाजवळ एकच नाव. जर्मनीत 1933 नंतर काही चर्चमध्ये त्या वेळच्या नाझी सत्तेचे झेंडे अगदी वेदीपाशी आले, आणि 1934 मध्ये तिथल्याच बार्मेनला जमलेल्या चर्चच्या प्रतिनिधींना जाहीर करावं लागलं की चर्चने ऐकायचा शब्द एकच, येशू ख्रिस्त. त्याच चळवळीतला पाळक डिट्रिख बॉनहोफर 1939 मध्ये अमेरिकेत सुरक्षित होता, तरी परत गेला, कारण आपल्या लोकांबरोबर हा काळ भोगला नाही तर नंतर देश उभारायला आपल्याला तोंड राहणार नाही असं त्याला वाटलं. 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं. आपला तिरंगा त्या झेंड्यासारखा आहे असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये, आपला झेंडा लोकांनी सोसून मिळवलेला आहे. पण जागा ती जागा. आणि बॉनहोफरचं देशप्रेम बघ, सत्तेला नाही म्हणणारा आणि देशात परत येणारा माणूस एकच.

सासऱ्यांना हे समजवायला एक गोष्ट त्यांच्याच कामातली आहे. परुशी, म्हणजे त्या वेळचे यहुदी धर्मपुढारी, येशूला विचारतात, कैसराला, म्हणजे रोमी बादशहाला, कर द्यावा की नाही, आणि येशू म्हणतो नाणं दाखवा, यावर मुखवटा आणि लेख कुणाचा? कैसराचा. मग कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला. ज्या माणसाने नोटांच्या प्रेसात आयुष्य काढलं त्याला छापाचा अर्थ मी काय सांगू. नोटेवर चित्र कुणाचं, आकडा कुठे, धागा कुठे, हे त्यांनी डोळ्यांनी लाखो वेळा तपासलं असेल. त्यांना विचार, बाबा, नाण्यावर कैसराचा छाप म्हणून नाणं कैसराचं, मग माणसावर छाप कुणाचा? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातच आहे, देवाच्या प्रतिरूपाचा. देशाला कर द्यायचा, श्रम द्यायचे, गरज पडली तर जीवही देतात लोक, पण जिथे गुडघे टेकायचे ती जागा देशाला देता येत नाही. मला वाटतं कमिटीतल्या कुणाहीपेक्षा ते हे पटकन समजतील.

शरणपूरबद्दल त्यांना आणि नातवाला दोघांना सांग, कारण नाशिकमध्ये राहून पण कितीतरी जणांना हे माहीत नसतं. शरणपूर रोडवरून रोज जातो आपण, सिग्नलला थांबतो, नावाचा अर्थ काय ते मनात येत नाही. शरण आलेल्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनने ही वस्ती वसवली, आणि तिथे आफ्रिकेतली मुलं राहायला होती. गुलाम म्हणून गलबतांत कोंबून नेत होते, इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात सोडवलं, मुंबईला उतरवलं आणि त्यातली काही इथे आली. इथे शिकली, सुतारकाम लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातले नऊजण 1866 मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्याबरोबर आफ्रिकेत गेले. लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये तिकडे वारला तेव्हा त्याचं शव महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये इथे शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शव वाहणाऱ्यांतही तो होता. आणि त्या मुलांना जग काय म्हणायचं माहितीय? "नासिक बॉइज". नाशिकची पोरं!

विचार कर. त्यांचा देश कुठला म्हणायचा? जन्माची भूमी हिसकावली, भाषा हिसकावली, आईवडलांनी ठेवलेलं नावही गेलं. तरी त्यांना ओळखलं गेलं ते आपल्या गावाच्या नावाने. गोदावरीच्या काठचं नाव ते आफ्रिकेत घेऊन गेले. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. आणि त्या वेळी शरणपूरच्या उपासनेत वेदीजवळ एखादा झेंडा असता, कुणाचाही, तर या पोरांनी कुठे बघायचं होतं? मेजाजवळ झेंडा नको म्हणते त्याच्यामागे माझ्या मनात ही पोरं आहेत.

आणि नारायण वामन टिळक. तुझ्या मुलाला वाटतंय ना की ख्रिस्ती झालं म्हणजे देश मागे पडतो, टिळकांचं उलटं आहे. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकलेला हा माणूस, देश कसा उभा राहील या तळमळीत धर्माचा शोध घेत होता, आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबला आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे देशावर कविता लिहिल्या, आणि उपासनेत परक्या चाली आणि परकी भाषा सोसवेना म्हणून अभंगांच्या वळणाची भजनं लिहिली, जी आपण आज रविवारी म्हणतो. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरीही सोडली कारण भारतातला ख्रिस्त भारतातल्या माणसांचा व्हावा ही ओढ. आणि लक्ष्मीबाई तर इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून काय काय भोगलं त्या बाईने, आणि नंतर स्वतःच्या पायांनी त्या विश्वासात आल्या, मराठी मात्र तीच राहिली, घरातली, चुलीपुढची. या दोघांना कुणी रोमचे म्हणेल का?

मला माहितीय, आता तुला वाटेल हीच नावं ग्रुपवर टाकावीत. जोसेफ बॅप्टिस्टांचं नाव टाकावं, ज्यांनी होमरूल लीगमध्ये लोकमान्यांना साथ दिली आणि नाशिकच्या खटल्यात सावरकरांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. पंडिता रमाबाईंचं टाकावं, ज्या 1889 च्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी होत्या. परमवीरचक्र मिळालेल्या अल्बर्ट एक्कांचं टाकावं, तोफखान्यातून लष्करप्रमुख झालेल्या जनरल रॉड्रिग्ज यांचं टाकावं. नको टाकू. मुलाला सांग, घरात सांग, त्याला आपली माणसं माहीत असायला पाहिजेत. पण ग्रुपवर उत्तर म्हणून नको, कारण यादी टाकली की आपण मान्य केलं की आपल्याला परीक्षा द्यायची आहे. ज्या घरातून कुणीच फौजेत गेलं नाही त्या घराने मग काय दाखवायचं? देशावर प्रेम आहे हे सिद्ध करा असं कुणी म्हटलं तर त्या परीक्षेला बसूच नये. ज्याने ते लिहिलं तो तुमच्याच बिल्डिंगमधला आहे ना, जिन्यात भेटला की सरळ सांग, तुमच्या त्या मेसेजने आमच्या बाबांना फार वाईट वाटलं. एवढंच. स्पष्टीकरण नको, भांडण नको. समोर उभं राहून ऐकलेलं वाईट वाटणं माणसाला विसरता येत नाही.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा 1971 ची लढाई झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, देवळालीच्या लष्करी छावणीकडून रात्रभर गाड्यांचा आवाज, आणि चर्चमध्ये रोज संध्याकाळी प्रार्थना. एका संध्याकाळी आमच्या पाळकांनी जवानांसाठी प्रार्थना केली, नावं घेऊन केली, आमच्या मंडळीतली चार पोरं गेलेली होती. आणि मग त्याच आवाजात म्हणाले, हे बापा, पलीकडेही आया जाग्या असतील, त्यांनाही सांभाळ. एक काका उठले, त्यांचा मुलगा गेलेला होता, बाकावरून टोपी उचलली आणि निघून गेले. चपलांचा आवाज अजून कानात आहे माझ्या. वडील घरी म्हणाले, पाळक बरोबर आहेत आणि तो पण बाप आहे. नाताळला ते काका आले, पाळकांशी काही बोलले नाहीत, पण प्रभुभोजनाच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांच्याच हातून भाकर घेतली. मुलगा परत आला होता का तेव्हा, मला आठवत नाही, पण ती रांग आठवते. पलीकडच्या आयांसाठी प्रार्थना केल्याने आमचं गाव काही कमी देशप्रेमी झालं नाही.

येशू यरुशलेमजवळ आला आणि शहर दिसलं तसा रडला, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आदल्याच क्षणी लोक जयजयकार करत होते. देशावर प्रेम करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला जयजयकार आणि हे रडणं, दोन्ही यायला पाहिजे असं मला वाटतं. आपल्या गावात गटारात उतरून मरणाऱ्या माणसासाठी, कर्ज डोक्यावर घेऊन जीव देणाऱ्या शेतकऱ्यासाठी डोळ्यांत पाणी येत नसेल तर नुसता झेंडा उंच करून काय करायचं. हे मुलाला पण सांग आणि सासऱ्यांना पण, पण सासऱ्यांना जरा हळू सांग.

आता काय करायचं ते. कमिटीच्या मीटिंगआधी पाळकांना घरी चहाला बोलाव, सासऱ्यांचा विषय मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पडायला नको, घरीच बोलून अंगणात झेंडा आणि आत प्रार्थना असं ठरू दे, आणि अंगणातला झेंडा सासऱ्यांनीच फडकवावा असं पाळकांनीच त्यांना म्हणावं.

आणि मुलासाठी. झेंडा बांधताना ती गाठ असते ना, आत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या भरून घडी घालायची आणि दोरी अशी अडकवायची की वर गेल्यावर एका ओढीत सुटली पाहिजे, घट्ट झाली तर वरच अडकते आणि सैल राहिली तर मध्येच उघडते, ती गाठ तुमच्या सोसायटीत सासऱ्यांशिवाय कुणाला येते का? 79 वर्षांच्या माणसाची बोटं आता थरथरत असतील. 14 तारखेला संध्याकाळी बाजारातून पाकळ्या घेऊन ये, मुलाच्या हातात दे आणि त्याला आजोबांच्या खोलीत पाठव, सलाम कर म्हणू नको, माफी माग म्हणू नको, फक्त म्हण की आजोबांना गाठीला हात लावायला कुणीतरी हवंय. तो गेला तर दार लोटून घे आणि तू स्वयंपाकघरात जा.